उशी

ब्लूफील्डला, फर्निचरच्या दुकानाच्या माडीवर
खिडक्यांना गोधड्या ठोकून झाल्यावर
कंपनीच्या माणसाने डॉइलच्या उजव्या पायाखाली
एक उशी सरकवली.
तुझा पाय फार बोलतो, तो म्हणाला.
मेणात सगळं उमटतं.

एकोणीसशे एकोणतीस, ऑगस्ट.
घाम टिपायलाही हलायचं नाही.
दोघा भावांत एकच बरा कोट होता,
तो एस्करच्या अंगावर.
फोटो नव्हताच निघायचा,
तरी आईने बटणं लावून दिली होती:
परक्या गावात गातोय, नीट दिसला पाहिजेस.

गाणं त्यांच्या आत्याचं. आठ कडव्यांचं.
एक मुलगी होडीत बसते,
चौथ्यात होडी उलटते,
आठव्यात ती भिजल्या केसांनी दारात उभी असते
आणि आई तिला ओळखत नाही, मग ओळखते.
पण तबकडी तीन मिनिटांची.
पाचव्या कडव्याशी लाल दिवा लागला.
एस्करने गज उचलला.
विकल्या गेल्या तीनशे बारा प्रतींत
ती मुलगी अजून पाण्यात आहे.

मिळाले ते पैसे, केली ती सही.
डॉइलने त्यातून बायकोला चुलीचा नवा पाइप घेतला.
दोन वर्षांनी तो खाणीत गेला आणि
त्या पाळीतले अकराजण वर आले नाहीत.

एस्कर पुढे चव्वेचाळीस वर्षं गायला, चर्चमध्ये, लग्नांत,
न्हाव्याच्या दुकानाबाहेर बाकावर.
फक्त प्रत्येक ओळीच्या शेवटी जरा थांबायचा,
दाराशी कुणी पाय पुसत असेल
तर त्याला आत येऊ द्यावं, तसा.

हे सगळं मला नादीनने सांगितलं,
हॉस्पिटलच्या फार्मसीत, रात्रपाळीला,
गोळ्या मोजता मोजता.
डॉइल तिचा आजा. तिने पाहिला नाही.
तिच्या बापानेही धड पाहिला नाही, चार वर्षांचा होता.
मी लिलावात जुना प्लेअर घेतलाय कळल्यावर
रविवारी सकाळी आली,
तबकडी उशीच्या अभ्र्यात गुंडाळून.

आधी नुसती खरखर, तापल्या कढईत
ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी.
मग दोघं.
वरचा कुठला, खालचा कुठला
पहिल्या दोन ओळी कळत होतं, पुढे नाही.
माझी मावशी आणि तिची जाऊ
वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या
पण जात्याला समोरासमोर बसायच्याच.
एका खुंट्यावर दोघींच्या मुठी,
ओवी एकीने उचलायची, दुसरीने ओढून न्यायची,
पीठ पडायचं ते कुणाच्या बाजूचं
कोण सांगणार.
नादीनला हे सांगायला मला इंग्रजीत
जातं सापडेना. मी हात गोल फिरवला.
ती म्हणाली, हो, तसंच.

चौथं कडवं. होडी उलटली.
नादीनने बोट वर केलं.
ठप्.
एकदाच. लाकडावर.
इथे त्याचा पाय उशीवरून घसरला, ती म्हणाली.
हा. हा माझा आजा.

गाण्यातला आवाज तिला त्याचा वाटतच नाही,
तो दोघांचा आहे, कंपनीचा आहे,
तीनशे बारा घरांचा आहे.
ही एक चूक तेवढी त्याची एकट्याची.

पुन्हा लावली. पुन्हा बोट, पुन्हा ठप्.
तिसऱ्यांदा सुई टेकवणार
तोच खालच्या रुळावरून कोळशाची गाडी निघाली.
कपाटात कपबश्या किणकिणल्या,
टेबल हललं, माझा हातही.
थांब, नादीन म्हणाली,
आणि तळव्याने तबकडी धरून ठेवली.
आधी ही जाऊ दे.
शंभर-एक डबे असतील.
आम्ही मोजत बसलो.